पंधरा इंची

हडर्सफील्डला, कालव्यालगत, लोकरीच्या जुन्या गिरणीत
एव्हर्टन पिनॉकचं गोदाम.
सबवूफर भिंतीला टेकून उभे, काळे, गुमसुम,
लग्नाच्या फोटोत मागच्या रांगेत
उभ्या केलेल्या थोरल्या काकांसारखे.

"किती माणसं?"
एकशे दहा खुर्च्या, म्हटलं. मेथडिस्ट चॅपल,
लाकडी सज्जा, उंच छत. एक पखवाज, एक गाणारी बाई.
"बाई किती जोरात गाते?"
हळू गाते, म्हटलं. फारच हळू.

आमचे खजिनदार खर्शीकर
फोनवर दोनदा बजावून झालेत:
अठरा इंची घे, दोन घे,
पोटात धडकलं पाहिजे, तिकीट बारा पौंडांचं आहे.
त्यांच्या पुतण्याच्या लग्नात म्हणे
सरबताचे पेले टेबलावरून
आपोआप चालायला लागले होते.

अठरा इंच म्हणजे दोन विती.
मिरजेत अब्बा भोपळे असेच मोजायचे.
ट्रकमधून उतरलेले दोनशे वाळके भोपळे अंगणभर,
आणि अब्बा उकिडवे,
एकेकावर बोटांची पेरं ठोकत.
मोठा दिसला की गिऱ्हाईक हरखायचं.
अब्बा म्हणायचे,
घागर मोठी म्हणून पाणी गोड होत नाही.
पोकळी विकत घेतोयस बाबा, साल नाही.

एव्हर्टन उठला, गुडघा धरून.
एका पेटीपाशी गेला, पेरं वाकवली,
टक्, टक्. मग कडेला. टक्.
बर्चचं प्लायवूड, आतून आडवे टेकू,
अठ्ठ्याऐंशी साली स्वतःच्या हाताने कापलेली.
"तुझा सगळ्यात खालचा स्वर ऐकव."

गाडीतून पखवाज आणला.
कणीक सकाळीच मळली होती, टेस्कोतल्या आट्याची.
डाव्या तोंडाला लावली, बोटाने पसरली,
थाप दिली.
वर कुठेतरी एक सैल पत्रा बोलला.
एव्हर्टन गप्प. त्याचा डावा कान
तळघरातल्या शनिवारांनी कधीच नेलाय.
तो कानाने ऐकतच नव्हता.
तळवा त्या पेटीवर ठेवून, डोळे मिटून उभा,
आणि पेटीला तर एक वायरही जोडलेली नव्हती.

"पुन्हा."
पुन्हा.
"हिच्याखाली काही नाही?"
नाही, म्हटलं. हिच्याखाली जमीन.

"मग अठरा कशाला?
ज्या मजल्यावर कुणी राहत नाही
त्याचं भाडं कोण भरतं?
एक पंधरा ने. भिंतीपासून ओढून ठेव,
कोपऱ्यात तर नकोच, कोपरा फुगवून सांगतो.
वर दोन बारा इंची, डोक्यांच्या वरून,
मागच्या रांगेकडे तोंड.
नव्वदला काप.
आणि बाईचा माइक सबला पाजू नकोस,
तिचा श्वास बुडेल."

शेवटच्या वर्षी अब्बांनाही ऐकू येत नव्हतं.
भोपळ्याला गाल लावून जवारी जमवायचे
आणि आम्ही भावंडं दारात उभं राहून कुजबुजायचो,
आता यांना थांबायला सांगायचं कुणी.
कुजबुजायची तशी गरज नव्हती.

शनिवारी पहिली थाप पडली तेव्हा
खिडक्या वाजल्या नाहीत.
तिसऱ्या रांगेतल्या एका बाईंनी बूट काढून
पाऊल फळीवर टेकवलं, एवढंच मी पाहिलं.
मध्यंतरात खर्शीकर सामोसा घेऊन आले,
म्हणाले, जरा कमीच वाटतंय का गं?

पंचेचाळीस पौंड. रविवारी अकराच्या आत परत.
एव्हर्टन व्हॅन भरत होता,
अठरा इंचीच, चार,
बॅटलीला कुणाच्या तरी नातवाचा बाप्तिस्मा, मग जेवण, मग नाच.
मी नुसती बघत राहिले त्या चारांकडे.
तो हसला, दार लावलं, म्हणाला,
"तुमचा तो मजला रिकामा होता.
आमचं सगळं गणगोत तिथेच राहतं."